आईच्या चाली घरी रेकॉर्ड करायच्या आहेत, कोणता रेकॉर्डर घेऊ?

प्रश्न : माझं वय ६१. कोथरूडला राहते, घरीच भजनाचे वर्ग घेते. माझ्या आईला गवळणी, अभंग, काकडआरतीची पदं यांच्या पुष्कळ जुन्या चाली येत असत. त्या आता फक्त मलाच येतात. नीट रेकॉर्ड करून ठेवायच्या आहेत. मोबाइलवर केलं तर पेटीच मोठी येते आणि शब्द बुडतात. मुलाने लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाकून दिलं, पण हेडफोनमध्ये माझाच आवाज मला उशिरा ऐकू येतो आणि लय सुटते. तो बंगळुरूला असतो, दर वेळी कोणाला विचारणार? म्हणून कॉम्प्युटरशिवाय चालणारा मल्टिट्रॅक रेकॉर्डर घ्यावा असं वाटतं. दुकानदार म्हणतो २४ ट्रॅकचा घ्या. ओळखीतल्या एकांकडे जुना, हार्ड डिस्कवाला स्वस्तात मिळतोय. मुलगा म्हणतो, हे सगळं कालबाह्य आहे. पेटी आणि आवाज माझा, तबल्याला एक मुलगा रविवारी येतो, आणि आमच्या मंडळातल्या सात जणी कधीतरी कोरसला येतील. बजेट ५० हजारांपर्यंत. काय करू?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, आधी निकाल सांगतो, कारणं मग. २४ ट्रॅकचं यंत्र तुम्हाला नको. एका वेळी दोन माइक घेणारा, ८ ट्रॅकचा, आणि प्रत्येक ट्रॅकला आवाज कमी-जास्त करायचा, बोटाने सरकवायचा स्वतंत्र फेडर असलेला रेकॉर्डर घ्या. हार्ड डिस्कवाला जुना घेऊ नका. सगळे ५० हजार यंत्रावर घालवू नका. किमान तिसरा हिस्सा माइक, स्टँड, केबल आणि हेडफोनसाठी बाजूला काढून ठेवा. आणि मुलाशी वाद घालू नका, त्याचा लॅपटॉप या कामात पुढे लागणारच आहे.

खोक्यावर ट्रॅकचा आकडा ठळक छापलेला असतो, म्हणून बोलणं तिथूनच सुरू होतं. पण तुमचं काम अडेल ते दुसऱ्याच आकड्यावर : एका वेळी किती इनपुटमधून आवाज आत घेता येतो? इनपुट म्हणजे एकाच वेळी किती माइक लावता येतील. ट्रॅक म्हणजे एकेक थर चढवत शेवटी किती आवाज वेगवेगळे साठवता येतील. टॅस्कम कंपनीच्या डीपी-२४एसडीमध्ये ट्रॅक २४ असले तरी एका वेळी ८ च रेकॉर्ड होतात. डीपी-३२एसडीमध्ये ट्रॅक ३२, पण एका वेळी तेच ८. डीपी-०३एसडीमध्ये ट्रॅक ८ आणि एका वेळी २. झूम कंपनीच्या रेकॉर्डरचं बघा : आर२० मध्ये १६ ट्रॅक आणि ८ इनपुट, आर१२ मध्ये ८ ट्रॅक आणि २ इनपुट, आर४ मध्ये ४ ट्रॅक आणि २ इनपुट. म्हणजे ही सगळी यंत्रं दोनच घरांत बसतात. ८ इनपुटची यंत्रं एकत्र बसून वाजवणाऱ्या संचासाठी आहेत. २ इनपुटची यंत्रं तुमच्यासारख्या माणसासाठी आहेत, जी एकेक थर स्वतःच चढवते.

आता तुमच्या एका गवळणीला किती ट्रॅक लागतील ते मोजू. तबला एक, डग्गा एक, पेटी एक, मुख्य आवाज एक, तानपुरा एक, टाळ एक, कोरसला दोन. झाले आठ. सुरुवातीला बाकीच्या थरांना आधार म्हणून एक कच्चा ट्रॅक लागतो, पण तो शेवटी पुसून तीच जागा कोरसला वापरायची. ४ ट्रॅकमध्येही हे जमतं, मात्र मध्येच तीन-चार आवाज एकत्र करून दुसरीकडे उतरवून जागा मोकळी करावी लागते. त्याला बाउन्स करणं म्हणतात. एकदा बाउन्स केलं आणि जुने ट्रॅक पुसले की त्यातला डग्गा जास्त झालाय हे नंतर कळून उपयोग नसतो. एकट्याने काम करणाऱ्याला, तेही आयुष्यभर टिकवायच्या गोष्टीसाठी, मी ४ ट्रॅक सुचवणार नाही. आणि सोळा-चोवीस ट्रॅक घेतलेत तर त्यातले निम्मे वर्षानुवर्षं रिकामे राहतील आणि पैसे मात्र माइकमधून कापले जातील.

मंडळातल्या सात जणींसाठी ८ इनपुट लागतील, असा विचार दुकानदाराने तुमच्या डोक्यात घातला असेल. नाही लागत. सात जणींना अर्धवर्तुळात उभं करा, समोर दोन माइक डावी-उजवीकडे ठेवा, ज्यांचा आवाज मोठा त्यांना एक पाऊल मागे घ्या. कोरस हा एकजीवच ऐकू यायला हवा. प्रत्येकीला वेगळा माइक दिलात तर सात सूर सुटे सुटे ऐकू येतात आणि ते जुळवत बसायचं काम तुमच्याच गळ्यात पडतं. उद्या मंडळाचा सबंध कार्यक्रम, वाद्यांसकट, एका झटक्यात उचलायचा असेल तर गोष्ट वेगळी. पण त्या एका दिवसासाठी साउंडवाल्याकडून मिक्सर भाड्याने आणा.

हा सगळा प्रकार कालबाह्य आहे, असं मुलगा म्हणतो. हे खरं आहे की जुना आहे. टीॲक-टॅस्कमचा पोर्टास्टुडिओ १४४ हा रेकॉर्डर आला १९७९ साली. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक, टेप नेहमीच्या दुप्पट वेगाने फिरायची. त्यानंतर कॅसेट गेली, डिस्क आली, डिस्कही गेली आणि आता बोटाच्या पेराएवढ्या कार्डावर काम चालतं. टिकलं काय, तर समोर बसायचं, लाल बटण दाबायचं, हाताने आवाज कमी-जास्त करायचा. गायला बसल्यावर माउस शोधावा लागत नाही, मध्येच अपडेटची खिडकी उघडत नाही. ज्या माणसाचं लक्ष चालीच्या एका हरकतीवर आहे, त्याच्यासाठी ही सोय फार मोठी आहे, आणि तिच्यासाठी पैसे मोजणं मला अजिबात चूक वाटत नाही.

लॅपटॉपवर आवाज उशिरा का येत होता तेही सांगतो, म्हणजे नवीन यंत्राबद्दल शंका राहणार नाही. लॅपटॉप आलेला आवाज छोट्या तुकड्यांत साठवून पुढे पाठवतो. या साठ्याला बफर म्हणतात. ४४.१ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने (सॅम्पल) घेताना, ५१२ सॅम्पलचा बफर असेल तर आत येतानाच सुमारे १२ मिलिसेकंद जातात, बाहेर जाताना पुन्हा तेवढेच, आणि वर यंत्रणेचा स्वतःचा वेळ. पंचवीस-तीस मिलिसेकंदांनी आपलाच आवाज मागून ऐकू यायला लागला की भजनी ठेक्यावर गाणारा माणूस नकळत रेंगाळतो. बफर कमी करून किंवा चांगला ऑडिओ इंटरफेस (माइक आणि लॅपटॉप यांच्यामध्ये लावायचं खोकं) लावून हे सुटतं, त्यामुळे मुलाचं चुकलं असं नाही. पण या रेकॉर्डरमध्ये तुमचा आवाज हेडफोनमध्ये जाणवण्याइतका उशिरा येतच नाही, आणि त्यासाठी तुम्हाला काही जुळवावंही लागत नाही.

आता खरं महत्त्वाचं : थर कोणत्या क्रमाने चढवायचे. इथे चूक झाली तर कितीही महागाचं यंत्र उपयोगाचं नाही.

बहुतेक जण आधी पेटी वाजवतात, मग त्यावर गातात, आणि रविवारी तबलजी आला की त्याला म्हणतात, यावर वाजव. तो बिचारा अडकतो, कारण एकट्याने वाजवलेली पेटी कडव्याच्या शेवटी थोडी धावलेली असते आणि ध्रुपदावर येताना थांबलेली असते. समोरासमोर बसला असता तर तो तुमच्या मानेकडे बघून सांभाळून घेता. रेकॉर्ड झालेल्या पेटीला मान नसते. म्हणून आधी सुरांचं ठरवा. तानपुऱ्याचं अ‍ॅप असेल तर फोनमधून केबलने थेट इनपुटमध्ये घ्या, स्पीकरसमोर माइक धरू नका. आणि तानपुरा पेटीशी जुळवा, पेटी तानपुऱ्याशी नाही. तुमच्या पेटीची काळी चार नेमकी प्रमाण पट्टीत असेलच असं नाही. जुन्या पेट्या थोड्या चढलेल्या किंवा उतरलेल्या असतात. अ‍ॅपमध्ये सूर बारीक सरकवायची सोय असते, पेटीच्या सुरांना ती नसते. पेटीचं ट्यूनिंग करून घ्यायचं मनात असेल तर पहिलं गाणं रेकॉर्ड करण्याआधी करून घ्या. निम्म्या चाली झाल्यावर केलंत तर आधीच्या थरांवर नवीन काही चढवता येणार नाही.

मग कच्चा ट्रॅक. रेकॉर्डरमधला मेट्रोनोम, म्हणजे लयीची टकटक, तुम्हाला सोयीच्या लयीत लावा, हेडफोन घाला आणि पेटी-आवाज दोन्ही एकाच माइकवर, एका दमात, सगळी कडवी म्हणून टाका. खाकरलात, शब्द चुकला तरी थांबू नका. हा ट्रॅक कोणाला ऐकवायचा नाही, याच्यावर बाकीचे चालणार आहेत. रविवारी तबलजीला तो हेडफोनमध्ये द्या. एका हेडफोनच्या जागेतून दोन काढायचा स्प्लिटर मिळतो, तो घेऊन ठेवा, म्हणजे तुम्हालाही तेच ऐकता येईल आणि हातानेच त्याला सम दाखवता येईल. तबला तानपुऱ्याला लावून घेतल्याशिवाय बटण दाबू नका. एक माइक तबल्यावर, एक डग्ग्यावर, दोन्ही पुडीपासून वीतभर वर आणि थोडे तिरके, वाजवणाऱ्याच्या हाताला आडवे येणार नाहीत असे. तबला पक्का झाला की तो ऐकत पेटी नव्याने वाजवा. शेवटी आवाज. तोवर लय तबल्याची झालेली असते आणि तुम्ही निर्धास्त गाऊ शकता. मग कच्चा ट्रॅक पुसा.

पेटीच्या माइकबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण तुमची तक्रार तिथूनच सुरू झाली आहे. पेटीचा आवाज वरच्या झाकणातून आणि जाळीतून येतो, तर भाता पलीकडच्या बाजूला हलतो. माइक पलीकडून, श्रोत्यांच्या बाजूने लावला की सुरांबरोबर भात्याची फसफस आणि बिजागरीची करकर पण येते. माइक तुमच्या बाजूने, पट्ट्यांच्या वर हातभर उंच, झाकणाच्या मध्यावर रोखून धरा आणि दोन ओळी वाजवून ऐका. मग चार बोटं वर-खाली करून पुन्हा ऐका. पट्ट्यांची खटखट ऐकू आली तर उंच करा, खोलीच जास्त ऐकू आली तर खाली आणा. या पाच मिनिटांनी जो फरक पडतो तो नंतर कुठल्याही बटणाने पडत नाही.

माइक दोन घ्या, दोन्ही डायनॅमिक. स्टुडिओच्या फोटोत दिसतो तो मोठा कंडेन्सर माइक सुंदर असतो, पण तो कोथरूडमधल्या फ्लॅटचा सगळा संसार ऐकतो : शेजारचा कुकर, लिफ्टचं दार, खाली आलेला भंगारवाला. शुअर एसएम५८ हा १९६६ पासून बाजारात असलेला माइक आहे. तोंडापासून चार बोटांवर धरला की जवळचाच आवाज नीट घेतो. त्याचाच भाऊ एसएम५७ तबल्याला आणि पेटीला उत्तम. या दोन्हींच्या नकला बाजारात पुष्कळ फिरतात. तापकीर गल्लीत केबल, जॅक, कनेक्टर खुशाल घ्या, तिथे चांगला माल मिळतो, पण माइक अधिकृत विक्रेत्याकडून आणि पक्क्या बिलावर घ्या. तुम्ही भजन उघड्या गळ्याने म्हणता असं धरून मी डायनॅमिक सुचवतोय. आवाज अगदी हळू असेल तर डायनॅमिकला गेन (माइकचा आवाज किती वाढवून आत घ्यायचा ते) फार चढवावा लागतो आणि मागे सूंसूं येते. तेव्हा मात्र कंडेन्सर लागेल, आणि त्याला रेकॉर्डरमधून ४८ व्होल्टचा फँटम पॉवर द्यावा लागेल. यंत्र घेताना फँटम आहे ना आणि किती इनपुटना आहे हे विचाराच. झूमच्या जुन्या आर१६ मध्ये इनपुट ८, पण फँटम दोनच इनपुटना.

हेडफोन कान पूर्ण झाकणारे, बंद पाठीचे हवेत. उघडे असले तर त्यातला तानपुरा आणि मेट्रोनोमची टकटक तुमच्या आवाजाच्या माइकमध्ये शिरते आणि मग काढता येत नाही.

जुन्या हार्ड डिस्कवाल्या यंत्राला नाही म्हणण्याचं कारण किंमत नाही. समजा ते रोलँडचं व्हीएस-८८० आहे. १९९६ चं यंत्र, त्या काळात फार गाजलेलं. पण आत फिरणारी डिस्क, बाहेर जोडायला स्कझी नावाचं जुन्या पद्धतीचं पोर्ट, आणि गाणी स्वतःच्याच वेगळ्या पद्धतीने साठवलेली. डिस्क एके दिवशी बसेल आणि आईच्या चाली तिच्यात अडकतील. तुम्ही हे सगळं टिकवायला करताय, म्हणून आवाज कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडणाऱ्या साध्या वेव्ह (WAV) फाइलमध्ये आणि साध्या एसडी कार्डावर बाहेर निघालाच पाहिजे. कार्डावर चालणारं वापरलेलं यंत्र मिळत असेल तर माझी हरकत नाही, फक्त घेण्याआधी तिथे बसून आठही ट्रॅकवर काहीतरी रेकॉर्ड करा, प्रत्येक फेडर वर-खाली करून खरखर येते का ऐका, आणि एक फाइल कॉम्प्युटरवर काढून दाखवायला सांगा. परदेशातून आणलेलं असेल तर अ‍ॅडॉप्टरवर काय लिहिलंय ते वाचा. नुसतं १२० व्होल्ट लिहिलेला अ‍ॅडॉप्टर आपल्या २३० व्होल्टवर जळतो.

नवीन घेताना डीपी-०३एसडी आणि आर१२ या दोन्हींसमोर एकदा बसा. दोन्ही तुमच्या मापाची आहेत. आर१२ ला टचस्क्रीन आहे, लाटेसारखा आवाज पडद्यावर दिसतो आणि कापाकापी सोपी जाते. डीपी-०३एसडीला आठ फेडर आहेत आणि बहुतेक काम हातानेच होतं. पडदा लहान आहे. तुमच्याकडे वाचायचा चष्मा असेल तर तो लावून दोन्हींचे पडदे बघा. माझा कल फेडरकडे आहे. पेटी कमी आणि शब्द वर, हे तुम्हाला गाणं ऐकत ऐकत, दोन बोटांनी करता आलं पाहिजे.

कार्डाचं एक लक्षात ठेवा. टॅस्कमच्या या मालिकेत कार्डाचे दोन भाग पडतात : एकात यंत्र स्वतःचं काम ठेवतं, आणि दुसरा तेवढा कॉम्प्युटरला दिसतो. ट्रॅक एक्सपोर्ट केल्याशिवाय दुसऱ्या भागात काही येत नाही. ही पायरी न करता कार्ड लॅपटॉपला लावून ‘सगळं गेलं’ म्हणून लोक घाबरतात. १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झला एका ट्रॅकचं एक मिनिट साधारण ५ एमबी होतं. पाच मिनिटांच्या गवळणीचे आठ ट्रॅक म्हणजे २०० एमबीच्या थोडे वर. १६ जीबीच्या कार्डात पन्नासच्या वर गाणी सहज मावतील, तरी प्रत्येक चाल पूर्ण झाली की लगेच दोन वेगळ्या ठिकाणी काढून ठेवा.

आवाजाची पातळी लावताना सुरुवातीची ओळ म्हणू नका. ज्या ओळीत तुम्ही तार षड्जाला जाता ती पूर्ण गळ्याने म्हणा, आणि मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल असा गेन ठेवा. लाल दिवा एकदा जरी लागला तरी तो फाटलेला सूर दुरुस्त होत नाही.

खोली झोपायची निवडा, हॉल नको. हॉलमधल्या फरशीवर आणि काचेवर आवाज आपटतो. गाद्या, रजया, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट यांच्यामध्ये बसून गा. पंखा बंद. वीज मध्येच गेली तर चालू रेकॉर्डिंगची फाइल अर्धवट राहते, म्हणून देखभालीसाठी गुरुवारी वीज जात असेल तर त्या दिवशी हे काम काढू नका. घरात इन्व्हर्टर असेल आणि तो स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर रेकॉर्डरमध्ये गुणगुण येऊ शकते. आणि शक्य असेल तर आषाढाच्या आधी आवाजाचं काम उरकून घ्या. एकदा ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की नदीच्या जवळपास राहणाऱ्यांना संध्याकाळ मिळत नाही.

आता मुलाचं काम. तुम्ही इथे रेकॉर्ड करा, सगळे ट्रॅक वेगवेगळ्या वेव्ह फाइलमध्ये काढा आणि त्याला पाठवा. श्वासाचा आवाज कमी करणं, मागची घरघर साफ करणं, कोरस थोडा मागे ढकलणं, हे मोठ्या पडद्यावर फार सोपं असतं आणि ते त्याला तुमच्यापेक्षा चांगलं जमेल. फक्त त्याने पाठवलेली साफसूफ केलेली फाइल आली म्हणून मूळ ट्रॅक पुसू नका. पाठवताना प्रत्येक फाइलच्या नावात वाद्य लिहा, आणि सोबत एका कागदाचा फोटो द्या : पदाचे पूर्ण शब्द, पट्टी, ठेका, मेट्रोनोमचा आकडा, आणि ही चाल आईने कुठे, कोणाकडून घेतली होती ते, तुम्हाला जेवढं आठवतं तेवढं.